चांदीच्या हाताच्या राजाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट

एकोणीसशे सत्तर ते ऐंशीच्या दरम्यानची ती वर्षं. आकुर्डीच्या एका कारखान्यात मी लोकांचा माल नाकारायचं काम करत असे, आणि ते काम मला मनापासून आवडे. हुद्दा इन्स्पेक्टरचा. बाहेरून येणारा पत्रा, सळ्या, बोल्ट, जे काही गेटातून आत येई ते आधी माझ्या टेबलावर. पास झालं तर हिरवी चिठ्ठी, नापास झालं तर लाल. पुरवठादार मला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या कामाने माणसाला एक खोड लागते. पोलादाची प्रत्येक खेप ज्या भट्टीतून निघते त्या भट्टीचा नंबर तिच्यावर ठोकलेला असतो. तो नंबर धरून मागे मागे गेलं की हा माल कुठे वितळला, कोणी तपासला, सगळं कळतं. नंबर नसेल तर पोलाद कितीही चकचकीत असो, आल्या गाडीने परत. होता होता मी सगळ्याच गोष्टींना हा नंबर मागायला लागलो. चिंचवडच्या बाजारात गवार घेतानाही मी ती कुठल्या शेतातली आणि कधी तोडली ते विचारायचो. शेवटी बायकोने मला बाजारात न्यायचं बंद केलं, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या विभागात, एक अजस्र मशीन होतं. पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं. ते आलं होतं इंग्लंडहून, आणि ते उभं करायला आलेला इंजिनिअर होता आयर्लंडचा. तीन महिने राहिला. या मशीनचा सेटर, म्हणजे त्यात साचे बसवून ते नीट चालतं करून देणारा कारागीर, हा माझा मित्र. तो निघोज्याचा, रोज सायकलवरून यायचा. त्याच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा त्या आयरिश माणसाने पहिल्याच आठवड्यात खायला सुरुवात केली. त्याचा चेहरा मुळातच लाल असल्यामुळे त्याला तिखट लागतंय की नाही हे कोणालाच कधी कळलं नाही.

जाताना त्याचं सामान जास्त भरलं आणि त्याने तीन इंग्रजी पुस्तकं माझ्या गळ्यात मारली. तिन्ही त्याच्या देशातल्या जुन्या देवांबद्दलची. तिकडे चर्च यायच्या आधी लोक ज्यांना भजत, ते देव. तो म्हणाला, "या तिघांपैकी एकाच लेखकावर विश्वास ठेवावा असं माझं मत आहे. कोण ते सांगत नाही. तू इन्स्पेक्टर आहेस ना? शोध." आणि हसत हसत गाडीत बसला.

मी डिक्शनरी शेजारी ठेवून ती पुस्तकं वाचून काढली आणि कॅन्टीनमध्ये दुपारच्या सुट्टीत त्यातल्या गोष्टी सांगायला लागलो. सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात डबा, हात धुणं, तंबाखू मळणं, आणि उरलेल्या वेळात आयर्लंड. भोंगा वाजला की जिथे असेल तिथे गोष्ट थांबायची. एका देवाची कढई कितीही लोक जेवले तरी रिकामी होत नसे. हे ऐकून सगळ्यांनी आमच्या कॅन्टीनच्या कढईकडे पाहिलं. एक राजा इतका चिकट होता, की त्याच्याकडून जेवून आलेल्या पाहुण्याच्या सुरीला तुपाचा थेंब लागलेला नसे. हे कोणाला लागू पडतं यावर आमच्या टेबलावर मतदान झालं आणि फोरमन बहुमताने निवडून आले.

फोरमन चिकट नव्हते, खरं म्हणजे. कडक होते. मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी खाकी कव्हर घालून कपाटात ठेवलं होतं आणि ते काढायच्या आधी ते हात धूत. त्यात जे लिहिलंय तेच करायचं, एवढं एकच शास्त्र ते मानत.

पौषातल्या एका दुपारी त्या मशीनने एकाऐवजी दोन दणके मारले. पहिल्या दणक्यानंतर मित्राने साचा बघायला हात आत घातला होता. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. त्याबद्दल मी एवढंच लिहीन. तो बरेच दिवस दवाखान्यात आणि मग घरी होता. इकडे कारखाना चालूच होता, भोंगा चालूच होता, आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या गोष्टीही चालूच होत्या.

तो परत आला तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता त्याला स्टोअरमध्ये बसवतील. तो बसायला तयार नव्हता. अंगठा आणि करंगळीजवळचं बोट यांच्या चिमटीत साच्याखाली सारायची पातळ पत्री धरायला तो घरी चमच्यावर शिकला होता. चार महिन्यांत तो पूर्वीसारखं सेटिंग करायला लागला. त्याने लावलेल्या साच्यातले पहिले पीस मी मुद्दाम कसून मोजले, मित्र म्हणून सवलत नको म्हणून. नाकारायला काहीही सापडलं नाही, आणि माल पास झाल्याचा आनंद मला नोकरीत त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी कारखाना बंद नसतो, पण कामही नसतं. मशिनं धुऊन पुसून लख्ख करायची, झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे, हळदकुंकू. प्रत्येक शॉपच्या मुख्य मशीनसमोर पाट मांडतात, आणि त्या शॉपचा सगळ्यात जुना कारागीर पूजेला बसतो. आमच्याकडे मशीन आलं तेव्हापासून माझा मित्रच बसे. वर्षातून त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडत. निघोज्याहून त्याची आई यायची, नऊवारी नेसून, डोक्यावरचा पदर सावरत. मशीनला हात लावून दरवर्षी विचारायची, "ह्ये दिसाला किती खातं रं?" पत्र्याचं वजन ऐकून ती म्हणायची, "आन मग माझ्या लेकाला कवा जेवू देतं?" आणि सगळं शॉप हसायचं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आठ दिवस आधी फोरमननी सांगितलं की यंदा पूजेला दुसरं कोणीतरी बसेल. का, तर अंगात व्यंग असलेल्या माणसाने मुख्य जागी बसायचं नसतं. रीत आहे. त्यांनी ते वाईटपणाने सांगितलं नाही, उलट खाली बघून सांगितलं. मित्र फडक्याला हात पुसून निघून गेला.

संध्याकाळी सायकल स्टँडवर मी त्याला गाठलं.

"बसन्याचं काय न्हाई, राव," तो म्हणाला. "पाटावर बसून कोन मोठा होत न्हाई. पन आई येनार हाय. ती इचारनार, तू का न्हाई बसला. ह्या हातापायी म्हनून सांगितलं, तर ती परत आन्न सोडंल. आदीच लई झालंय तिचं."

मी चिंचवडला गुरुजींकडे गेलो. दरवर्षी पूजा सांगायला तेच येत. त्यांना विचारलं, असा नियम आहे का? ते म्हणाले, "मशीनच्या पूजेचं मी काय सांगू? तुमच्या कंपनीत जी रीत असेल ती." फोरमन रीतीकडे बोट दाखवत होते आणि गुरुजी कंपनीकडे. हे बघून माझं डोकं तापलं. आणि डोकं तापलं की मला खोड्या सुचतात.

मी फोरमनकडे गेलो. म्हटलं, "साहेब, या मशीनला तेल कुठलं घालायचं हे कोण ठरवतं?"

"मशीन बनवणारा."

"मग त्याच्या पूजेला कोण बसणार, हे आपल्या रीतीने कसं ठरेल? मशीन तिकडचं, तर देव तिकडचे. आणि तिकडच्या देवांमध्ये नेमकं हेच घडलंय."

आणि मी त्यांना त्या तीन पुस्तकांतली चांदीच्या हाताच्या राजाची गोष्ट सांगितली. लढाईत त्याचा हात तुटला. ज्याच्या अंगात व्यंग आलं त्याने गादीवर बसायचं नाही, हा तिथला कायदा. गादी गेली, आणि ती मिळाली त्या चिकट राजाला. मग देवांच्या वैद्याने पहिल्या राजाला चांदीचा हात बसवला, बोटं हलतील असा. पुढे वैद्याच्या मुलाने तुटलेला खरा हातच सांध्याला सांधा लावून जुळवला. आणि तो राजा पुन्हा गादीवर बसला.

मशीन इंग्लंडचं आणि देव आयर्लंडचे, या दोन देशांमध्ये विस्तव जात नाही, हे मी सांगितलं नाही. फोरमनच्या नकाशात समुद्रापलीकडे एकच गाव होतं.

फोरमन विचारात पडले. माहितीपुस्तकावरची त्यांची श्रद्धा मला माहीत होती, आणि मी बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "चांदीच्या हातावर बसला, की खरा हात आल्यावर?" त्यांनी विचारलं. "चांदीच्या हातावर बसला असेल, तर आपला माणूसही बसेल. खरा हात आल्यावर बसला असेल, तर मग बोटं उगवेपर्यंत थांबा. कुठल्या पुस्तकात काय आहे, आणि कुठलं पुस्तक खरं, याचा रिपोर्ट द्या. लेखी. फॉर्मवर."

गुरुवारी आमची सुट्टी असे. त्या गुरुवारी मी तीन पुस्तकं आणि इन्स्पेक्शनचा छापील फॉर्म घेऊन बसलो. पुरवठादाराच्या रकान्यात लेखक लिहिला, मालाच्या रकान्यात देव. बायको डोकावून गेली आणि चहा ठेवून गेली.

पहिलं पुस्तक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं. त्याच्या लेखकाला सगळं ठाऊक होतं. कुठल्या देवीचे डोळे कुठल्या रंगाचे, तिला कुठलं फूल चढवायचं, कुठल्या वारी. कुठेही अडखळणं नाही. त्यात राजा चांदीच्या हाताने मुकुट स्वीकारतानाचं पानभर चित्र होतं. मला तेच हवं होतं. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते. दहा पीस मोजले आणि दहाही मापं अगदी काट्यावर सारखी आली, तर मोजणारा जागेवरून उठलाच नाही असं समजावं. खऱ्या मापात थोडं इकडेतिकडे असतंच. आणि एवढं सगळं याला कोणी सांगितलं, म्हणून मी शेवटची पानं चाळली, तर तिथे एकच आधार होता. दुसऱ्या पुस्तकाची लेखिका.

दुसऱ्या पुस्तकातल्या बाईंचं म्हणणं असं, की ही विद्या त्यांना आजीकडून गुपचूप मिळाली. आज्यांचं मला वावडं नाही. पण पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांच्या आजीला अक्षरओळख नव्हती, आणि शेवटाकडे तीच आजी चुलीपुढे जुन्या पोथ्या वाचून दाखवत होती. या बाईंच्या मते राजाची गादी कधी गेलीच नाही, कारण प्रजेचं त्याच्यावर प्रेम होतं. आधार? पहिल्या पुस्तकाचा लेखक. दोन पुरवठादारांनी एकमेकांच्या सर्टिफिकेटवर सह्या करायच्या, हा प्रकार मी भोसरीच्या वर्कशॉपांत पाहिला होता. तो समुद्रापलीकडेही चालतो हे बघून मला जग फार जवळ आल्यासारखं वाटलं.

तिसरं पुस्तक बारीक, काळपट, एका प्राध्यापकाचं. आधी वाचलं तेव्हा मला ते अगदी रद्दी वाटलं होतं. पानापानावर किरकिर. इथे मूळ पोथीचं पान फाटलंय, ही ओळ नंतर कोणीतरी घुसडलेली दिसते, याचा अर्थ मला लागत नाही. पण आता फॉर्म पुढ्यात ठेवून वाचलं तेव्हा दिसलं, की याच्या प्रत्येक ओळीवर भट्टीचा नंबर ठोकलेला आहे. ही गोष्ट कुठल्या मठातल्या पोथीत आहे, ती कोणाच्या हातची आहे, त्याने कशावरून उतरवली. त्याने हेही सांगून टाकलं होतं, की या गोष्टी लिहून ठेवणारे त्या देवांना मानणारे नव्हतेच. ते ख्रिस्ती साधू, कित्येक शतकांनी आलेले. त्यामुळे देवांचं मूळ रूप काय होतं हे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. आयरिश इंजिनिअर कोणाबद्दल बोलला होता ते मला कळलं. हिरवी चिठ्ठी याचीच, यात शंका नव्हती.

आणि राजाच्या हाताबद्दल हा गृहस्थ काय म्हणत होता? हात गेला तशी गादी गेली, हे पोथीत आहे. चांदीचा हात आहे, खरा हातही आहे, पुन्हा राजा झाला तेही आहे. पण कुठल्या हातावर, ते पोथीवरून मला ठरवता येत नाही, असं तो लिहीत होता.

मी त्या प्राध्यापकाला मराठीत एक शिवी दिली.

मग मी जे केलं ते माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम. गुळगुळीत पुस्तकाला हिरवी चिठ्ठी लावली आणि प्राध्यापकाला लाल. माझ्या मनाशी मी म्हटलं, मित्रासाठी आहे. त्याच्या आईसाठी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या राजाला काय फरक पडतो?

फॉर्म भरत आणला, तर एक रकाना रिकामा राहिला. कोणत्या मूळ नियमाशी तपासलं, तो नियम कुठला आणि कोणी काढला. हा रकाना मोकळा सोडलेला फॉर्म फोरमन हातात घेत नसत. म्हणून शुक्रवारी मी त्यांना विचारायला गेलो, "साहेब, व्यंगाची ती रीत. तुम्हाला कोणी सांगितली?"

"कोणी म्हणजे? आहेच ती."

"फॉर्मवर लिहायचं आहे."

फॉर्म म्हटल्यावर ते नरमले. त्यांना पेंट शॉपच्या चार्जमनने, म्हणजे तिथल्या मुकादमाने, सांगितली होती. मी पेंट शॉपमध्ये गेलो. चार्जमनना कुठल्यातरी पुराणातली म्हणून ती स्टोअरच्या क्लार्ककडून कळली होती. त्यांनी तिच्यात "आमच्या गावाकडेही असंच आहे" एवढी भर स्वतः घातली होती. क्लार्कला ती सांगितली होती कॅन्टीनच्या वाढप्याने. आमचे वाढपी म्हणजे पन्नाशीचे लातूरकडचे गृहस्थ, तोंडाने मोकळे. आता मूळ सापडलं म्हणून मी मोठ्या उत्साहात कॅन्टीनमध्ये शिरलो. ते तांदूळ निवडत होते.

"ती रीत तुम्हाला कोणी सांगितली?"

त्यांनी वर पाहिलं. "चेष्टा करायलाव का, साहेब? तुम्हीच की."

"मी?"

"त्या सेटरभाऊचा हात गेला, त्याच आठवड्यात. त्या टेबलावर बसून तुम्ही सांगत होता. राजाचा हात तुटला, व्यंगाच्या माणसाला गादीवर बसता येत नाही, म्हणून त्याला उठवलं. तेवढ्यात भोंगा झाला. दुसऱ्या दिवशी सगळे संपाच्या गोष्टी बोलायलते, तुम्ही पुढचं काही सांगितलंच नाही. मला वाटलं, आपलंच कुठलंतरी पुराण असेल."

मला आठवलं. मित्राचा हात गेला म्हणून मला ती गोष्ट आठवली होती. मला चांदीच्या हातापर्यंत पोचायचं होतं. मित्राला बरं वाटेल अशी गोष्ट होती ती. पण मध्ये भोंगा झाला, आणि अर्धी गोष्ट डबे घासून निघून गेली. आठ-नऊ महिन्यांत ती शॉपाशॉपांतून फिरली, तिचं आयर्लंड गळून पडलं, आणि ती आमची रीत होऊन माझ्या मित्राच्या पाटावर येऊन बसली. मी तीन लेखकांना पकडून विचारत होतो, तुम्हाला कोणी सांगितलं. आणि या सगळ्यात ज्याच्या मालावर नंबर नव्हता असा लेखक मीच होतो. माझे कान तापले. तांदळातले खडे बघत मी तिथेच उभा राहिलो.

तो रिपोर्ट मी फाडला. मग मित्राकडे गेलो. तो मशीनखाली वाकून नट आवळत होता. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल.

तो हसला नाही. पाना खाली ठेवला. "म्हंजी मी दवाखान्यात पडलेलो, आन तू हितं माझ्या हाताची गोष्ट करत व्हतास?"

"तुझ्या नाही रे, त्या राजाच्या."

"त्येच त्ये." त्याने पाना पुन्हा उचलला. "चार दिस झालं. तू त्या लांबच्या लेखकांस्नी इचारतूस, गुरुजींस्नी इचारतूस, सगळ्यांस्नी इचारून आलास. मला इचारलंस का एकदा, की बाबा, तुला काय वाटतं?"

मी नव्हतं विचारलं. तो पुन्हा मशीनखाली वाकला, आणि त्या दिवशी माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मला फार वाईट वाटलं. मला ते पोचलं होतं हे त्यालाही कळत होतं, आणि म्हणूनच तो बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. भोंगा व्हायला वेळ हवा म्हणून सगळे बसायच्या आत उभा राहिलो आणि ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती आयर्लंडची आहे, ती मी सांगितली, ती अर्धी सांगितली, आणि ज्याला सगळे रीत म्हणतात ती माझ्या तोंडातून निघाली आहे. फोरमन दाराशी उभे राहून ऐकत होते. पेंट शॉपच्या चार्जमननी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला होता.

गोष्ट संपली तेव्हा फोरमननी विचारलं, "मग शेवटी चांदीच्या हातावर बसला, की खऱ्या?"

मित्र समोरच्या बाकावर बसला होता. तो माझ्याकडे बघत होता. एक शब्द पुरला असता. सगळ्या कॅन्टीनला तोच शब्द ऐकायचा होता, आणि तो खोटा आहे हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "भरवशाचा माणूस एकच आहे आणि तो म्हणतो, पोथीवरून कळत नाही."

फोरमननी मान हलवली. मग म्हणाले, "राजाचं राहू द्या. चुकीच्या माणसाने चुकीच्या कागदावरून ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती केली, तर काय करतात? दुरुस्ती रद्द, जुनं ड्रॉइंग लागू. पूजेला दरवर्षी बसतो तोच बसेल." मग माझ्याकडे वळले. "आणि दुरुस्ती करणाऱ्याने मशीनखालचा खड्डा साफ करायचा. पूजेच्या आत."

तो खड्डा पुरुषभर खोल, आणि मशीन आल्यापासूनचं ग्रीस त्यात साठलेलं. दीड दिवस मी खरवडत होतो. वरून माझा मित्र अधूनमधून वाकून बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने वरून विचारलं, "काय राव, त्या आयर्लंडच्या देवांत खड्ड्याचा देव न्हाई का कोनी?" तेव्हा मला कळलं की आमचं पुन्हा जमलं.

खंडेनवमीला तो पाटावर बसला. उरलेल्या बोटांनी त्याने मशीनला हळदकुंकू वाहिलं, गुरुजी मंत्र म्हणत होते, फोरमन हात जोडून उभे होते. गुरुजींनी मला डोळ्यांनी विचारलं, रीत सापडली का, आणि मी होय म्हणून मान हलवली. पेढे वाटून झाल्यावर मित्राची आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. यंदा तिने मशीनला हात लावला नव्हता.

"त्या लांबच्या देवांच्या गोष्टी सांगनारा तो तूच न्हवं?" तिने विचारलं. मित्राने घरी सगळं सांगितलेलं दिसत होतं. "त्यो हात तुटल्याला राजा. त्याची आई व्हती का?"

मी म्हटलं, "असेल, मावशी."

"मग त्याचा हात तुटला, तवा तिनं काय केलं? पुस्तकात काय लिवलंय?"

मी तिन्ही पुस्तकं मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. गुळगुळीत पुस्तकात राजाच्या मुकुटातल्या खड्यांची संख्या होती. बाईंच्या पुस्तकात आजी होती. प्राध्यापकाच्या पुस्तकात फाटलेल्या पानांची सुद्धा नोंद होती. "काहीच लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"एकानंबी न्हाई?"

"एकानेही नाही."

ती मशीनकडे बघत राहिली. "एकवीस दीस मी भरवलं ह्याला. डाव्या हातानं जेवायला लाजायचा. दार लावून घ्यायची आन मग घास द्यायची, बायकूम्होरं सुदिक न्हाई. इतका मोठा बाप्या." तिने पदराने तोंड पुसलं. "ज्यानं त्यो राजा पायला आसंल, त्याला ह्ये म्हाईत आसायचंच. न्हाईतर त्यानं पायलाच न्हाई."

त्या एकवीस दिवसांत मी निघोज्याला एकदा गेलो होतो. दाराला आतून कडी होती. मी बाहेर ओट्यावर बसलो, आणि दार उघडल्यावर त्याला बरं वाटावं म्हणून बरोबर नेलेलं पुस्तक दाखवलं. दार का लावलं होतं, हे मी विचारलं नाही.